तो ‘मारलीन’ म्हणाला

सही मी केली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझी कीव करायला नको.

कागद इंग्रजीत होता. नातीनं बोट ठेवून जागा दाखवली. चौथीपर्यंतच्या शाळेनं मला जे दिलं त्यातली सही तेवढी अजून उपयोगी पडते.

"काय लिवलंय हितं?" मी विचारलं.

"बोटीवर काय झालं तर कुणाला कळवायचं, ते."

"काय झालं तर म्हंजी?"

"काय होत न्हाई गं आजी. लिवावं लागतं."

"मग बापाचा नंबर दे की."

"बाबाला कळलं तर बोट सुटायच्या आधी धक्क्यावर येऊन उभा राहील."

ते खरं होतं. माझा मुलगा भूगावला नव्या इमारतींना पाणी पोचवणारा टँकर चालवतो. डोकं तापट. पोरगी शिकली याचा त्याला अभिमान आहे, पण अकरा पुरुषांच्या बोटीवर ती एकटी महिनाभर समुद्रात जाणार म्हटल्यावर त्यानं तिला घरात कोंडली असती. म्हणून तिनं त्याला सांगितलं, मुंबईत ट्रेनिंग आहे. खोटं ती बोलली, पण माझ्यासमोर बोलली, आणि मी मान हलवली. मग कागदावर माझा नंबर गेला आणि माझी सही.

आमचं घर ताम्हिणीच्या अलीकडं, घाटाच्या काठाला. पूर्वी मेंढरं होती, आता पंधरा-वीस शेळ्या. नात लहानपणी माझ्याकडेच असायची. शेळीचं तोंड उघडून दातांवरून वय सांगायला मी तिला शिकवलं. अडलेली शेळी मोकळी करायला तिचाच लहान हात मी वापरलाय. पुढं ती पुण्यात शिकली, आणि शेळ्या सोडून माशांच्या मागं लागली. तेही धरणातली चिलापी नाही. लांब समुद्रातले, माणसापेक्षा मोठे मासे. ते किती वर्षं जगतात, काय खातात, कधी अंडी घालतात, हे शोधायचं काम. त्यासाठी मासेमारीच्या बोटीवर जायचं आणि गळाला लागलेला प्रत्येक मासा मोजायचा.

जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडं आली आणि गोठ्यात बसून मला त्यातला एक मासा समजावून सांगत होती. नाव तिनं सांगितलं असेल, माझ्या लक्षात राहिलं नाही. मी विचारलं, "दिसतो कसा?"

"वरचा जबडा लांब असतो, पुढं आलेला. चोचीसारखा."

"चपटा?"

"न्हाई, गोल. निमुळता. टोकाला बारीक."

"म्हंजी दाभण."

ती हसायला लागली. दाभण म्हणजे पोती शिवायची मोठी सुई, वीतभर तरी असते. तिथून पुढं आम्ही त्या माशाला दाभणवालीच म्हणायला लागलो.

वाली, कारण ती म्हणाली, मोठ्या सगळ्या माद्याच. नर लहान राहतो. मादी त्याच्या तिप्पट-चौपट वजनाची होते. मला ते आवडलं. बोकडाचं उलटं असतं. मग म्हणाली, अंगानं मासा पाण्याइतकाच गार असतो, पण हिच्या डोळ्यामागं एक मांसाचा गोळा असतो, तो डोळे आणि मेंदू गरम ठेवतो. खोल काळोख्या पाण्यातसुद्धा हिला नीट दिसतं. डोळ्याला पापणी नाही. आणि थांबता येत नाही. पोहत राहिली तरच कल्ल्यांतून पाणी जातं, थांबली की गुदमरते.

"झोपत न्हाई?"

"आपल्यासारखी न्हाई."

"मग चिडकी आसंल."

"शिकार करताना बघायची गं. अंगावर निळे पट्टे पेटतात. दिवे लावल्यासारखे. आन मग चोच डावी-उजवीकडं हाणत माशांच्या थव्यात घुसती. मेली की पट्टे विझतात, राखेसारखी होती."

"तू बघितलंयस?"

"व्हिडिओत. म्हणून तर जायचंय."

मला माशाची भीती वाटली नाही. खरं सांगते, मासा माझ्या मनातच नव्हता. माझ्या मनात ते अकरा जण होते.

"झोपायचं कुटं?"

"केबिन हाय मला येगळी. आतनं कडी हाय."

"कसली कडी? लोखंडी का पत्र्याची?"

"आजी!"

"आजी काय? पत्र्याची कडी लाथंत उडती."

ती म्हणाली, तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, वयस्कर माणूस आहे, त्याला स्वतःच्या दोन मुली आहेत. मी म्हटलं, मुली असलेली माणसं मी पण बघितली आहेत. मग उठून आढ्यात खोचलेला दाभण काढला, त्याला कापडाची गुंडाळी केली आणि तिच्या पिशवीत घातला. "उशाखाली ठेव. कुणी आत आलं तर मांडीत घाल. पोटात नको, पोटात घालशील तर मरंल आन तू आत जाशील. मांडीत."

तिनं तो नेला. मला बरं वाटलं. बाईला हातात काहीतरी पाहिजे.

ती गेल्यावर सतरा-अठरा दिवस काही कळलं नाही. कळणार नाही हे तिनं सांगितलंच होतं. बोट खूप लांब जाते, तिथे साधा मोबाईल लागत नाही, फक्त तांडेलाकडं उपग्रहाचा फोन असतो. आमच्याकडंही रेंज घरात नाही. रस्त्याकडेच्या कातळावर चढलं की येते. मी रोज सकाळी शेळ्या सोडल्या की कातळावर जाऊन बसायची. काम नसताना मी कधी बसलेली नाही, पण बसायची. समोर धरणाचं पाणी दिसायचं. पाण्यावर माझा कधीच भरवसा नव्हता. लहानपणी एक पाठ, म्हणजे तरणी शेळी, त्यात गेलेली मी बघितली आहे. चिखलात पाय रुतला, ओरडली, आणि गेली. वर एक बुडबुडाही फार वेळ राहिला नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. घाटकाठाला आमच्या बोलण्यात खालच्या कोकणाची बोली मिसळलेली आहे. माझी आई तर खालचीच, माणगावाकडची. 'त्यानं शेळी मारली' असं ती कधी म्हणायची नाही. 'शेळी मारलीन' म्हणायची. मारलीन म्हणजे त्यानं तिला मारली. शेवटच्या त्या एका 'न'मध्ये मारणारा माणूस बसलेला असतो, त्याचं नाव वेगळं घ्यावं लागत नाही.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मी कातळावर असताना फोन वाजला. नंबर भलताच लांबलचक होता. उचलला तर आत वारा सुटल्यासारखी खरखर, आणि त्यातून एका बाप्याचा आवाज. कोकणी वळणाचं बोलणं.

"आजी हायेत काय? आजी, मी बोटीवरना बोलतोय. तुमची पोरगी..."

"काय झालं पोरीला?"

खरखर. मग, "...दाभण... मांडीत घुसली... पार हाडापावत..."

"काय?"

"...रगात लय गेलाय..."

मी उभी राहिले. ओरडले, "कुणी? कुणी मारलीन?"

तर तो उत्साहानं म्हणाला, "व्हय, व्हय! मारलीन! मारलीन! मोठी..."

आणि फोन बंद झाला.

मी परत लावला. बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. परत लावला. तीच बाई.

मी रडले नाही. खाली बसलेसुद्धा नाही. डोक्यात एकच चित्र आलं आणि ते हललं नाही. पत्र्याची कडी, लाथ, आणि मी दिलेला दाभण तिच्या हातातून काढून घेतलेला. मांडीत घाल असं मीच सांगितलं होतं. जागासुद्धा मीच दाखवली होती. आणि तो माणूस दोनदा म्हणाला, मारलीन. लपवत पण नव्हता.

शेजारणीला म्हटलं, शेळ्या बघ. ती म्हणाली, "कुटं निगालीस? भाकरी तरी खा." मी म्हटलं, "पौडला." आणि रस्त्याला लागले.

एसटी आली अर्ध्या तासानं. शेजारी बसलेली बाई माळेगावची का कुठली, तिच्या मांडीवर कोंबडा होता. ती बोलत राहिली.

"एकट्याच? कुणाकडं?"

"ल्योकाकडं."

"नातवंडं हायेत?"

"एक नात."

"काय करती?"

म्हटलं, "मुंबईला ट्रेनिंगला हाय." तेच खोटं परत. ते बोलताना मला कळलं की हे खोटं आता किती वेळ चालेल. भूगावपर्यंत. तिथं ते संपणार आणि माझ्या तोंडानं संपणार.

खिडकीतून मी काही बघितलं नाही. बोट कधी आत जाऊन बघितलेली नाही, त्यामुळे मला केबिन आमच्या गोठ्याइतकी दिसत होती, आणि रक्त गोठ्यातल्या जमिनीवर पडतं तसं दिसत होतं. शेळीच्या मांडीतली मोठी नस तुटली तर ती किती वेळ जगते ते मला माहीत आहे. नसतं माहीत तर बरं झालं असतं.

पौडला गाडी बदलायची होती. उतरले आणि पोलीस चौकीसमोर जाऊन उभी राहिले. एक शिपाई बाहेर आला, म्हणाला, "काय मावशी, काय काम?" मी म्हटलं, "काय न्हाई." आत जाऊन सांगणार काय? कुणी मारलं, माहीत नाही. कुठे, समुद्रात. कुठल्या समुद्रात, माहीत नाही. बोटीचं नाव, माहीत नाही. ते सगळं त्या कागदावर असणार, आणि मी त्या कागदावर फक्त सही केली होती.

भूगावला पोचले तेव्हा मुलगा टँकर लावून जेवायला आलेला होता. सून त्याला वाढत होती. ती तिथल्याच बंगल्यांमधून स्वयंपाकाची कामं करते आणि त्या वेळी घरी असते. मला दारात बघून दोघं उठले. न सांगता मी कधी येत नाही.

"आये, काय झालं?"

मी उंबऱ्यातच सांगितलं. पोरगी ट्रेनिंगला नाही. बोटीवर आहे. सही माझी आहे. सकाळी फोन आला. "मारलीन तिला."

मुलाच्या हातातला घास तसाच राहिला. मग ताट भिंतीवर गेलं. मी हलले नाही. मला मारलं असतं तरी हलले नसते.

"कुणी?" तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "नाव सांग. कुणी?"

"नाव न्हाई सांगितलं."

तो टँकरची किल्ली शोधायला लागला. टँकर घेऊन मुंबईला निघाला होता, पाण्यानं भरलेला. किल्ली त्याच्या खिशातच होती.

तेवढ्यात सून पुढं आली. ती फारसं बोलत नाही. माझा दंड धरला आणि म्हणाली, "आत्या, त्यो काय म्हनला ते जसंच्या तसं सांगा. तुमचा एकबी सबूद घालू नका."

मी सांगितलं. तुमची पोरगी. दाभण. मांडीत घुसली. हाडापावत. रगात लय गेलाय. मी विचारलं कुणी मारलीन, तर म्हणाला, व्हय, मारलीन, मारलीन, मोठी.

"मोठी?" सून म्हणाली.

"मोठी."

तिनं माझा दंड सोडला. "आत्या, मार्लिन मासा असतो. त्या चोचवाल्या माशाचं नाव हाय ते. मार्लिन. मोठी मार्लिन व्हती म्हनला त्यो."

मुलगा हळू वळला आणि बायकोला म्हणाला, "तुला कसं ठावं?"

ती सांडलेलं गोळा करायला लागली.

"तुला बी ठावं व्हतं? बोटीचं?"

"मला येकटीलाच सांगितलंय म्हनली व्हती," सून म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं.

"मला बी तसंच म्हनली व्हती," मी म्हटलं.

"म्हंजी म्या येकटाच येडा घरात!" मुलगा ओरडला. हसू येण्यासारखं होतं. कुणी हसलं नाही.

कारण माणूस गेला आणि मासा आला, एवढंच झालं होतं. मांडी तीच, रक्त तेच. सुनेला माहीत होतं की बोट किनाऱ्यापासून दोन दिवसांवर आहे. पोरीनं तिला तेवढं सांगितलं होतं, मला नाही. तिनं मोबाईलवर त्या माशाचा फोटो काढून दाखवला. पोरीनंच कधी पाठवलेला. एक माणूस शेजारी आडवा झोपला तर आखूड पडेल असा मासा. पाठ काळी-निळी, आणि पुढं तो दाभण, हाताएवढा लांब. मी डोळा बघितला. मोठा, गोल, पापणी नसलेला. रागाचा नाही, भीतीचा नाही. माणसाशी बोलता येतं, पाया पडता येतं, निदान नाव घेऊन शिव्या देता येतात. त्या डोळ्याशी काही करता येत नव्हतं.

ते दोन दिवस आम्ही त्या एका खोलीत काढले. फोन स्टुलावर, चार्जरला लावलेला. मुलगा टँकरवर गेला नाही. सोसायटीवाल्यांचे फोन यायचे, पाणी कधी आणताय, आणि प्रत्येक वेळी आम्ही तिघंही उठायचो. एकदा त्यानं पलीकडच्या माणसाला एवढी घाण शिवी दिली की सुनेनं फोन हातातून काढून घेतला. मी एका कोपऱ्यात बसून हिशेब करत होते, रक्ताचा. शेळीच्या अंगात किती असतं, पोरीच्या किती असेल. सकाळी नऊला 'लय गेलाय' म्हणजे रात्रीपर्यंत किती. मला दुसरं काही येत नाही म्हणून मी ते करत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. सुनेनं उचलला, ऐकलं आणि माझ्या कानाला लावला.

"आजी," नात म्हणाली, "लई टाके हायेत."

मी फोन मुलाकडं दिला.

काय झालं ते ती घरी आल्यावर कळलं. काठी टेकत आली. बोटीवरून मैलोन् मैल लांब दोरी सोडतात, तिला जागोजाग गळ. ती दोरी सकाळी ओढत होते. गळाला दाभणवाली आली, ती मेल्यासारखी. राखेच्या रंगाची, तोंड उघडं. चौघांनी आकड्या घालून तिला वर घेतली. नात फीत घेऊन मोजायला वाकली, खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत.

"आन मग पट्टे पेटले," ती म्हणाली.

"मग?"

"निळे. एकामागनं एक. आजी, तसा रंग मी कुटंच बघितला न्हाई."

"मग मागं का न्हाई सरलीस? तूच सांगितलं व्हतंस, पट्टे पेटले की हाणती."

तिनं खाली बघितलं. "बघत राहिले."

खलाशी ओरडले, पण तोवर शेपटी आपटली आणि चोच मांडीत. मोठी नस बोटभर अंतरावर राहिली. तांडेलानं आपला शर्ट फाडून बांधला आणि बोट वळवली. मासेमारी अर्धी टाकून वळवली, हे तिनं दोनदा सांगितलं. ते अकराच्या अकरा जण तिला दादा-काकाच होते. फोन करणारा खलाशी खालचा, श्रीवर्धनकडचा. दाभणवाली हा शब्द तिनंच सगळ्यांना शिकवलेला, म्हणून तो मला समजेल असं बोलत होता बिचारा. माझा दाभण ताडपत्री शिवायला तांडेलानं पहिल्याच आठवड्यात नेला होता, तो परत दिला नाही.

"आन ती?" मी विचारलं.

"कोण?"

"दाभणवाली."

"खलाशांनी डोक्यात घातला दांडका. लगेच."

म्हणजे मारलीन हे खरंच होतं. कुणाला, एवढंच माझं चुकलं.

तिनं पिशवीतून काचेची एक पट्टी काढली. त्यावर नखाएवढा पातळ काप. त्याच माशाच्या पाठीवरच्या पराचा काटा, आडवा कापलेला. मांडी बांधलेली असताना हिनं खलाशांना सांगितलं होतं, तो काटा तेवढा काढून ठेवा. उजेडाकडं धरलं की त्यात बारीक कडी दिसत होती, एकात एक. "हे दात तिचे," ती म्हणाली. "वरसाला एक कडं. मोज." मी मोजली नाहीत.

या वर्षी ती परत कागद घेऊन आली. या वेळी बापासमोर. तो बाहेर गेला आणि परत आला. मी तिला एकच विचारलं, "परत पट्टे पेटले तर मागं सरशील का?"

बापाशी सहज खोटं बोलणारी पोरगी. एवढं तरी खोटं बोलायला हरकत नव्हती. पण ती गप्प राहिली, आणि मला कळलं की ती बघत राहणार.

अकरा पुरुषांची भीती बरी होती. तिला कडी होती, दाभण होता.

मी सही केली. नाही म्हटलं असतं तरी ती गेली असती, आणि मग कागदावर कुणाचाच नंबर नसता. माझ्या नंबराखाली मुलानं पेन घेऊन आपला लिहिला, दाबून, कागद फाटेल इतका. मी एक अट घातली. फोन कुणीही करू दे, पहिला शब्द 'जित्ती हाय' असा पाहिजे, माशांचं काय ते त्यानंतर.

बोट सुटून आता बारा दिवस झाले. सकाळी मी कातळावर असते. काल फोन वाजला, लांबलचक नंबर नव्हता, कुणीतरी भूगावात फ्लॅट घेता का विचारत होतं. तो बोलत होता आणि मी पहिल्या शब्दासाठी कान देऊन उभी होते. तो शब्द त्याच्याकडं नव्हता, तरी फोन ठेवायला मला वेळ लागला.